पडद्यावर सुईचे टोक

थायरॉईडमधली गाठ मायक्रोवेव्हच्या उष्णतेने जाळण्याच्या उपचारात गळ्यावर मोठा छेद नसतो, त्यामुळे आत काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहण्याची सोयही नसते. सगळे काम सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत चालते. हा पडदा पुष्कळ काही दाखवतो. पण या कामात ज्यांची सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते त्या दोन गोष्टी, उष्णता आणि आवाजाची नस, त्यावर दिसत नाहीत. उपचाराच्या बहुतेक पायऱ्या ही उणीव भरून काढण्यासाठीच ठरल्या आहेत.

थायरॉईड ग्रंथी श्वासनलिकेच्या पुढे, कातडीपासून फार खोल नसते. अशा उथळ अवयवासाठी साधारण 7 ते 15 मेगाहर्ट्झचा सपाट प्रोब घेतात. वारंवारिता वाढली की ध्वनिलहरी खोलवर पोचत नाहीत, पण चित्र बारीक येते. गाठ भरीव आहे की पाण्याची, कडा सरळ आहे की वेडीवाकडी, ती रुंदीपेक्षा उंच आहे का, आत कॅल्शियमचे पांढरे ठिपके आहेत का, यावरून टायरॅड्स या कर्करोगाचा संशय मोजण्याच्या पद्धतीने तिला गुण दिले जातात. छातीच्या हाडामागे उतरलेली गाठ मात्र या उपचाराला सहसा घेत नाहीत, कारण हाडापलीकडचे दिसत नाही.

उदाहरणार्थ, वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत एखाद्याच्या गळ्यात गाठ हाताला लागली, तर सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही फार लांब नाही. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये. सोनोग्राफी करणे आणि सुईने पेशी काढून तपासणे, म्हणजे एफएनएसी, हे अशा ठिकाणचे नेहमीचे काम. मायक्रोवेव्हने थायरॉईडची गाठ जाळणे त्या मानाने नवे. यकृताच्या गाठींवर हे तंत्र आधीपासून वापरात होते. थायरॉईडवरचे चिनी डॉक्टरांचे अहवाल 2012 च्या सुमारास येऊ लागले. भारतात आणखी एक गोष्ट नजरेत भरते. तपासायचा गळा असला तरी सोनोग्राफीच्या खोलीत गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी असते, कारण 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालची सोनोग्राफीची नोंदणी तपासायचा अवयव बघून होत नाही.

मुख्यतः सौम्य, पण मोठ्या झालेल्या गाठींसाठी हा उपचार आहे. गिळताना अडखळते, मानेवर फुगवटा दिसतो, रुग्णाला शस्त्रक्रिया नको असते. गाठ कर्करोगाची नाही याची खात्री आधी करावी लागते, आणि त्यासाठी एका एफएनएसीवर सहसा भागवत नाहीत. दोनदा तपासण्याची रीत आहे. निव्वळ पाण्याची गाठ असेल तर पाणी काढून आत अल्कोहोल सोडणे स्वस्त आणि पुरेसे. एक सेंटिमीटरपर्यंतचा पॅपिलरी कर्करोग जाळावा का, यावर मतभेद आहेत. जपानमधल्या कोबेच्या कुमा रुग्णालयाने तर 1993 पासून अशा लहान कर्करोगांवर नुसती नजर ठेवण्याचा मार्ग चालवून दाखवला.

रुग्णाला उताणे झोपवून खांद्यांखाली उशी देतात, म्हणजे मान मागे कलते आणि गळा मोकळा होतो. पूर्ण भूल सहसा देत नाहीत. कातडी आणि ग्रंथीच्या वेष्टनाभोवती बधीर करणारे लिग्नोकेन टोचतात. कलर डॉपलर लावून वाटेतल्या शिरा पाहून घेतात. मग कातडीला बारीक छेद देऊन अँटेना आत सरकवतात. ही दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची सुई असते, आतून पाणी खेळवून तिचा दांडा थंड ठेवलेला असतो आणि ऊर्जा टोकाशीच बाहेर पडते.

सुई शक्यतो मानेच्या मध्यातून, ग्रंथीच्या दोन भागांना जोडणाऱ्या पट्टीतून आडवी बाहेरच्या बाजूला नेतात. सोनोग्राफीला गळ्याची एकच पातळ चकती दिसते, काकडीचा काप असावा तशी. सुई त्या चकतीत पूर्ण लांबीने पडली तरच टोक कुठे आहे ते कळते. हात जरा कलला की टोक नाहीसे होते आणि पडद्यावर उरतो तो दांड्याचा मधलाच तुकडा. तोच टोक समजून पुढे ढकलणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. टोक दिसत नसेल तर यंत्र सुरू करणारे पायडल दाबायचे नाही. मध्यातून जाण्याच्या या मार्गाचा फायदा असा की सुई श्वासनलिका आणि अन्ननलिकेजवळच्या धोक्याच्या कोपऱ्यापासून दूर जात राहते.

त्या कोपऱ्यात स्वरयंत्राची, म्हणजे आवाजाची, नस असते. कॅरोटिड धमनीशेजारची वेगस नस चांगल्या प्रोबने दिसते, पण ही बारीक नस सहसा दिसत नाही. ती कुठे असणार हे शरीररचनेवरून ठरवावे लागते. म्हणून ग्रंथी आणि त्या कोपऱ्याच्या मध्ये दुसऱ्या सुईने द्रव सोडतात. पडद्यावर काळी पट्टी उमटते आणि तेवढे अंतर मिळते. द्रव झिरपून जातो, म्हणून पट्टी बारीक झाली की पुन्हा भरायचा. आणि रुग्णाला बोलते ठेवतात. नाव सांगा, गाव सांगा, दहापर्यंत मोजा. आवाज घोगरा झाला की यंत्र तत्काळ बंद. नसेची पाहणी करणारे याहून भरवशाचे साधन त्या खोलीत नसते.

पायडल दाबले की बहुधा 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी सुटतात. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचीही वारंवारिता हीच. पेशींमधले पाण्याचे रेणू त्यांच्या तालावर फिरतात आणि ऊतक तापते. साठ अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ लगेच मरतात. पडद्यावर टोकाभोवती पांढरा ढग उठतो. तो उष्णतेचा नव्हे, पाण्याच्या वाफेच्या बुडबुड्यांचा असतो, आणि त्याच्याखालचा भाग सावलीत जातो. यातूनच क्रम ठरतो: आधी खोलचा आणि लांबचा भाग, मग सुई थोडी मागे घेत वरचा. उलट केले तर स्वतः उठवलेल्या ढगाआड उरलेले काम आंधळेपणाने करावे लागेल.

ढग पसरला तेवढे जळाले, असेही नाही. बुडबुडे काही मिनिटांत विरतात. मग डॉपलरवर रक्तप्रवाह उरला आहे का ते पाहतात. जिथे सोय आहे तिथे शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे कॉन्ट्रास्ट देतात. ते जिथे पोचत नाही तो भाग मेलेला. कडेला जिवंत पट्टी राहिली तर गाठ तिथूनच पुन्हा वाढते.

जळलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. लांबी, रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराला 0.524 ने गुणून गाठीचे आकारमान काढतात. यात एक गंमत आहे: तिन्ही मापे पाचव्या हिश्शाने घटली तरी आकारमान जवळजवळ निम्मे होते, त्यामुळे कागदावरची घट आरशातल्या घटीपेक्षा मोठी वाटते. वर्षभरात बहुतेक सौम्य गाठी निम्म्याहून लहान होतात. उरलेला व्रण मात्र सोनोग्राफीत काळपट, अस्पष्ट कडांचा दिसतो आणि आधीची हकीकत ठाऊक नसलेल्या डॉक्टरला कर्करोगाचा संशय यावा असाच असतो. पुढे कुठल्याही केंद्रात गळ्याची सोनोग्राफी करायला जाताना गाठ जाळल्याची तारीख आणि बाजू लिहिलेला कागद सोबत न्यावा लागतो, नाहीतर नको असलेली एक सुई पुन्हा टोचली जाते.