महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य आणि आपले कर्तव्य

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील व्यापारी मुलांच्या शिक्षणासाठी हात आखडता घेत नाही. शुल्क, खोलीभाडे, खाणावळ यांचा खर्च तो आनंदाने सोसतो. परंतु परगावी राहणाऱ्या मुलाचे मन कसे आहे, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? हा प्रश्न प्रथम मी स्वतःलाच विचारला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझा पुतण्या अभियांत्रिकी शिकण्यास परगावी गेला. शिक्षण मराठी शाळेत झालेले. तेथे वर्गात इंग्रजी, वसतिगृहात कन्नड. पहिल्याच वर्षी तीन विषय राहिले. सुटीत घरी आला तेव्हा तो ताटावरून अर्धवट उठे, रात्रभर जागा असे. मी त्याला पेढीवर बोलावून एवढेच ऐकविले, "तुझ्यावर किती पैसे घातले, ती वही दाखवू काय?" त्यानंतर त्याने घरी फोन करणेच सोडले. पुढे एका प्राध्यापकांनी त्याला समुपदेशकाकडे नेले व काही महिन्यांनी तो सावरला. तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही एकदा नुसते 'कसा आहेस' म्हणून विचारले असते तर..." वाक्य त्याने पुरे केले नाही.

ओलसर धान्याची थप्पी वरून कोरडी दिसते आणि आतून तापत असते, हे आपण जाणतो. म्हणूनच आपण पोत्यात हात घालून पाहतो. मुलाच्या बाबतीत मात्र मी वरचे गुणपत्रकच पाहिले.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. समुपदेशक हा त्या विषयाचे शिक्षण घेतलेला मनुष्य असतो. तो विद्यार्थ्याचे म्हणणे शांतपणे ऐकतो, अडचणीची उकल करण्यास त्याला साह्य करतो व ऐकलेले गुप्त ठेवतो. जिवाला धोका दिसला तरच तो इतरांस कळवितो. तो औषध देत नाही. औषधाची गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवितो. तेथे जाणे म्हणजे वेडाचा शिक्का बसणे नव्हे.

झोप व भूक उडणे, मित्रांस टाळणे, "मी तुम्हांला भार झालो आहे" असे बोलणे, ही लक्षणे दोन आठवडे टिकली तर थांबू नये. जीव देण्याचे विचार मनात येतात काय, असे मायेने स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाचे मन मोकळे होते. असा धोका दिसल्यास मुलास एकटे न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. मुलास प्रवेश घेताना आपण वसतिगृहाची खोली पाहतो, त्याचप्रमाणे समुपदेशक कोण व तो केव्हा भेटतो, हेही विचारावे.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र चालते व मराठी, कन्नड आदी भाषांत बोलता येते. निपाणीचा मुलगा अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात गेला की तो महाराष्ट्राच्या हद्दीत जातो. हा क्रमांक मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच आहे. प्रत्यक्ष उपचारांसाठी धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था आपणांस फार दूर नाही.

१८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे बोर्डिंगे चालविली. खेड्यातील मुलास शहरात आसरा हवा, हे त्या पिढीने ओळखले. आजच्या मुलास छप्पर मिळते, परंतु ऐकणारा मिळत नाही. आपल्या मंडळाने शिष्यवृत्तीबरोबरच आठवड्यातून एक दिवस मराठी व कन्नड जाणणाऱ्या समुपदेशकाची सोय केली, तर तो खर्च एखाद्या समारंभाच्या मंडपाहून जास्त होणार नाही.

व्यापारी बंधूंनो, व्यापारातील खोट पुढील हंगामात भरून निघते; ही खोट भरून निघत नाही. आज दुकान बंद केल्यावर मुलास फोन करा. गुणांविषयी काही विचारू नका. तो कसा आहे, एवढेच विचारा आणि तो बोलत असेतो मध्ये बोलू नका.