हायवेवरच्या 'विठ्ठल कामत'बद्दल ४ गोष्टी, ज्या फार जणांना माहीत नाहीत!

मी शिरढोणचा दुकानदार. मुंबई-गोवा हायवे जवळच, म्हणून प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, "सर, रोडला जागा आहे, कामतसारखं हॉटेल टाकू का?" आधी हे वाचा.

१. सुरुवात हायवेवर नाही, मुंबईत चर्चगेटला झाली. वडील व्यंकटेश कामत यांचं तिथे 'सत्कार' हॉटेल होतं. विठ्ठल कामत धंदा घरातच शिकले.

२. मालकाचा मुलगा असूनही ते लंडनला गेले आणि तिथल्या रेस्टॉरंटमध्ये नोकरी केली.

३. १९९७ मध्ये मुंबई विमानतळाजवळ त्यांचं पंचतारांकित 'ऑर्किड' उभं राहिलं. तरी आत्मचरित्राचं नाव 'इडली, ऑर्किड आणि मी'. इडली पहिली!

४. हायवेवर दिसणारं 'विठ्ठल कामत्स' फ्रँचायझीवरही चालतं. फ्रँचायझी म्हणजे साधारण नाव आणि पद्धत कंपनीची. जागा, पैसा आणि रोजची डोकेदुखी आपली.

आता तुमच्या जागेचं बघू. बोर्ड बघून गाडी स्लो होते, पण पार्किंग आणि स्वच्छ टॉयलेट असेल तरच फॅमिली खाली उतरते. मध्ये डिव्हायडर असेल तर समोरच्या बाजूचं गिऱ्हाईक धरूच नका. नॅशनल हायवेवरून आत रस्ता काढायला परवानगी लागते, ती आधी बघा.

एक शनिवार, एक मंगळवार वही घेऊन जागेवर बसा. आपल्या बाजूने किती गाड्या जातात, आजूबाजूच्या हॉटेलांत किती थांबतात, मोजा. वडिलांची जमीन गहाण टाकायच्या आधी एवढं कराच.