खेळाच्या संगणकाचा पोशिंदा

नाशिकजवळच्या नव्हे, नाशिकमधल्याच सातपूरच्या अशोकनगरातून एका वाचकाने पाठविलेल्या पत्राला तीन दुकानांची तीन दरपत्रके जोडलेली आहेत आणि प्रश्न एकच विचारलेला आहे : महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी सुटे भाग निवडून खेळांचा संगणक जोडून घ्यावयाचा आहे, तर या तिन्हींपैकी कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे? दरपत्रके मी लक्षपूर्वक वाचली. प्रोसेसरचे कुलगोत्र, ग्राफिक्स कार्डाची पिढी, रॅमचा वेग, एवढेच नव्हे तर कॅबिनेटच्या पंख्यांतून कोणत्या रंगाचा उजेड पडेल याचाही तपशील त्यांत भरघोस दिलेला आहे. मात्र ज्याच्या जिवावर हा सगळा कारभार चालावयाचा, त्या एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरविणाऱ्या पेटीच्या, रकान्यात तिन्ही दुकानदारांनी संगनमत केल्याप्रमाणे ‘४५० वॉट’ एवढीच अक्षरे लिहून विषय संपविला आहे. बनविणाऱ्याचे नाव नाही, हमीची मुदत नाही. तेव्हा विचारलेला प्रश्न तूर्त बाजूस ठेवून न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आगाऊपणा मी करणार आहे.

महावितरणची २३० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज घेऊन तिची १२ व्होल्टांची एकदिश वीज करणे हे एसएमपीएसचे काम; पुढे मदरबोर्डावर आणि ग्राफिक्स कार्डावर ती आणखी उतरवून चिपपर्यंत पोहोचते तेव्हा दाब जेमतेम एका व्होल्टाच्या आसपास उरलेला असतो. दाब असा उतरला की प्रवाह त्याच प्रमाणात चढणार हे ओघानेच आले, आणि म्हणून ३०० वॉट खाणाऱ्या चिपेच्या अंगातून सुमारे ३०० अँपिअर वाहतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाच्या चिपेत ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि कार्डाची अधिकृत भूक ४५० वॉटांची आहे. परंतु ही भूक स्थिर असती तर काळजीचे कारण नव्हते. पडद्यावर एखादा स्फोट झाला, धुरळा उसळला, पाण्यावर उजेड चमकला की चिपेतील हजारो गणनकेंद्रे एकाच क्षणी जागी होतात, आणि पुढच्याच क्षणी त्यांतील अर्धी पुन्हा निद्रिस्त होतात. कागदपत्रे टंकित करणाऱ्या किंवा हिशेब मांडणाऱ्या संगणकाला असे आचके बसत नाहीत. इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० ही नियमावली प्रसिद्ध केली, तीत नव्या जोडणीच्या मोठ्या एसएमपीएसने आपल्या नोंदलेल्या शक्तीच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे असे फर्मान आहे. विजेच्या तारेतील एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे या क्षणाच्या दोनशेपट लांब असते. मागणी आली म्हणून तारेतून जादा वीज येईल आणि मग ती पुरविता येईल, अशी सवडच येथे नाही. ती वीज आधीपासून पेटीत शिल्लक पाहिजे.

ही शिल्लक म्हणजे काय, हे सातपूरच्या माणसास समजावून सांगण्यासाठी दूर जावयास नको. औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही प्रेसशॉपमध्ये पत्रा कापणारी पॉवर प्रेस पाहावी. तिच्या मोटारीची अश्वशक्ती ऐकून नवख्याला हसू येते, कारण जाड पत्र्याला एका दणक्यात भोक पाडावयास लागणारे बळ त्या मोटारीच्या आवाक्यातले नसतेच. ते बळ साठलेले असते बाजूच्या अवजड फ्लायव्हीलमध्ये. दोन दणक्यांच्या मधल्या निवांत काळात मोटार त्या चाकाला हळूहळू वेग देत राहते, आणि डाय पत्र्यावर आदळते त्या अल्पशा क्षणात चाक आपली शिल्लक सढळ हाताने खर्च करून किंचित मंदावते व पुन्हा वेग घेऊ लागते. चाक वजनदार असेल तर हे मंदावणे ध्यानातही येत नाही. हलके असेल तर प्रेस अर्ध्यावर अडकते आणि मग फोरमन साहेबांचा आवाज साऱ्या शेडभर ऐकू येतो. एसएमपीएसमधील कपॅसिटर हे विजेचे फ्लायव्हील आहे आणि व्होल्टेज हा त्याचा वेग आहे. पेटीतल्या सर्वांत मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३८० व्होल्टांचा दाब असतो. तो ३९० मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात २८ ज्यूल ऊर्जा मावते. वीज क्षणभर डोळे मिचकावते तेव्हा ५०० वॉटांचा भार १७ मिलिसेकंद तगवावयास साडेआठ ज्यूल लागतात. हा हिशेब जमतो म्हणूनच दिवा लुकलुकला तरी चांगल्या एसएमपीएसवरचा खेळ बंद पडत नाही. स्वस्त पेटीत मात्र याच जागी निम्म्या अंगाचा कपॅसिटर बसवून काटकसर केलेली असते.

कपॅसिटरच्या इतिहासात एका माणसाची उपेक्षा झाली आहे आणि ती मला नेहमी खटकते. एकोणिसाव्या शतकात कथलाचा पत्रा आणि कागद यांचे थरावर थर गुंडाळून कपॅसिटर बनवीत. त्या कागदात एखादे सूक्ष्म छिद्र असले की तेथून ठिणगी पडावी आणि सारी गुंडाळी कायमची निकामी व्हावी, हा नित्याचा प्रकार. मॅन्सब्रिज नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९०० साली असे पेटंट घेतले की पत्रा वेगळा न घेता कागदावरच धातूचा अतिशय पातळ लेप द्यावा. लेप इतका पातळ की छिद्रातून ठिणगी पडताच भोवतालचा धातू उडून जातो, छिद्र धातूविना एकाकी पडते आणि कपॅसिटर पूर्ववत काम करू लागतो. स्वतःची जखम स्वतः भरून काढणारा असा हा विद्युत्-घटक. दूरध्वनीच्या यंत्रणेत असे कपॅसिटर विसाव्या शतकाच्या आरंभी सर्रास वापरले गेले. ट्रान्झिस्टरच्या तिघा जनकांना १९५६ चे नोबेल मिळाले आणि त्यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. मॅन्सब्रिजचे नाव एकाही पाठ्यपुस्तकात मला तरी आढळलेले नाही.

पुढची हकीकत तर नाशिककरांच्या अंगणातली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदावर लाखेसारखे रोगण चढवून, निर्वातात धातूची वाफ त्यावर बसविण्याची सुधारणा जर्मनीतील बॉश कंपनीने केली. बॉश म्हणजे आपली मायको : त्र्यंबक रस्त्यावरचे मायको सर्कल जिच्या नावाने ओळखले जाते, २००८ साली जिने नाव बदलले तरी लोकांच्या तोंडचे नाव जिला बदलता आले नाही, आणि सातपूरच्या कारखान्यामुळे आपण जिला केवळ डिझेल इंजिनाच्या भागांशी जोडतो, ती. आणि त्याच सातपूर वसाहतीत आज कागदाऐवजी प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातू चढविलेले कपॅसिटर बनविणारा कारखाना आहे. मूळ सीमेन्सच्या घराण्यातील एप्कॉस कंपनीचा, आता जपानी टीडीकेच्या समूहात गेलेला. एसएमपीएसमध्ये वीज शिरते त्या उंबरठ्यावर, तारेतला खडखडाट आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये म्हणून, ‘एक्स’ वर्गाचा जो चौकोनी ठोकळा बसवितात तो याच जातीचा असतो. फुकटात मिळणाऱ्या पेट्यांत हा ठोकळा पुष्कळदा गाळलेला असतो आणि त्याची जागा मुद्रित पट्टीवर तशीच रिकामी दिसते.

उभ्या डब्यांसारखे दिसणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र इतके चिवट नाहीत. त्यांच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू आटतो. तापमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग किती वाढतो याचे गणित अऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडले. कारागिरांनी त्याचा सोपा अडाखा बसविला की दर दहा अंशांमागे कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकावा, रोज आठ तास खेळणाऱ्यास सुमारे अकरा वर्षे. ८५ अंशांचा स्वस्त जिन्नस त्याच जागी ८,००० तासांत, म्हणजे तीन वर्षे पुरी होण्याआधीच, मान टाकील. कार्यक्षमतेचा ‘८० प्लस’ हा जो दाखला खोक्यावर मिरवितात, त्याची परीक्षा २३ अंशांच्या आसपासच्या हवेत होते. वैशाखातले नाशिक चाळिशीला टेकते, आणि बंद कॅबिनेटमधली हवा त्याहून तापलेली असते.

या शतकाच्या आरंभी मदरबोर्डांवरील कपॅसिटर जगभर फुगू आणि फुटू लागले, तेव्हा जपानी कंपनीतून चोरलेले द्रवाचे सूत्र अर्धवट उतरविले गेले आणि त्यातून हा अनर्थ ओढवला, अशी एक सुरस कथा पसरली. इतकी चटकदार कथा हाती आली की रसायनशास्त्र विचारतो कोण! वस्तुतः द्रवातील पाण्याला आवर घालणारे द्रव्य कमी पडले की पाणी ॲल्युमिनियमला खाते, हायड्रोजन वायू सुटतो आणि डब्याचे डोके वर येते. हे घडावयास चोराची आवश्यकता नाही, घाई आणि काटकसर पुरेशी आहे. डेल कंपनीला २००५ साली या दुखण्यापायी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. हे दुखणे चिपेचे नव्हते.

तरीही वृत्तपत्रांचे रकाने भरतात ते चिपांच्याच बातम्यांनी. सेमीकंडक्टरसाठी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींची तजवीज केली तेव्हा केवढा गाजावाजा झाला. २८ मार्च २०२५ रोजी कपॅसिटरसारख्या साध्या घटकांसह सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर झाली, ती बातमी किती जणांनी वाचली? चिपेचा कारखाना उभा राहावा हे ठीकच. पण ज्याला बिनचूक कपॅसिटर मुबलक बनविता येत नाही, त्या देशाने चिपेच्या गर्जना कराव्यात हे मला जरा विसंगत वाटते.

आता पत्रलेखकासाठी कामाचे. एसएमपीएसवरचा मोठा आकडा न वाचता १२ व्होल्टांपुढचे अँपिअर वाचावेत. तेथे १६ असतील तर त्या पेटीची खरी ताकद, वर ४५० लिहिलेले असले तरी, १९२ वॉट आहे, कारण आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टांच्याच वाटेने घेतात. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आणि निदान पाच वर्षांची हमी नसेल तर ती पेटी परत करावी, आणि एकंदर खर्चाचा आठवा-दहावा हिस्सा या एका जिनसावर घालण्यास कचरू नये. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्यावे लागले तर खुशाल घ्यावे. तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर तेच. वापरलेले कार्ड स्वस्त मिळत असेल तर त्याची पूर्वपीठिका विचारावी : सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे खाणकाम बंद झाले तेव्हा अहोरात्र तापलेली असंख्य कार्डे बाजारात आली.

घरातील सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, हेही यंत्र येण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या गाळणीतले ‘वाय’ वर्गाचे कपॅसिटर कॅबिनेटचा पत्रा विजेच्या निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास, नेऊन ठेवतात आणि बोटांना झिणझिण्या येतात. ‘कॅबिनेट करंट मारतो’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे ग्राहक पुष्कळ. दोष बहुधा भिंतीत असतो.

राहिला प्रश्न दुकानाचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, चार पैसे कमी पडतील हे खरे, पण बिघडलेला भाग कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने बदलून द्यावयाचा याची खातरजमा करूनच त्या चार पैशांचा मोह धरावा. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल जो देणार नाही, त्याच्याकडून पंखासुद्धा घेऊ नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे खरेदी कोठेही झालेली असो, तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगापुढे, म्हणजे तुमच्या बाबतीत नाशिकलाच, दाखल करता येते. त्या वेळी तुमच्या हाती दस्तऐवज म्हणून असते ते हेच बिल.