निबंधाचे एक वाक्य
(मराठी विभाग)

इतिहासाच्या प्रकल्पासाठी आमच्या वर्गाला ‘महाराष्ट्राबाहेरील मराठ्यांच्या खुणा’ हा विषय आला. मी वाराणसीचा अमृतराव घाट निवडला. माहिती मिळवण्यापेक्षा जास्त वेळ गेला तो निबंधाचे मुख्य विधान लिहिण्यात. इंग्रजीच्या तासाला यालाच आपण थिसिस स्टेटमेंट म्हणतो. हे विधान कसे तयार होते, ते याच घाटाच्या उदाहरणाने सांगतो.

आधी थोडी माहिती. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे थोरले भाऊ. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला. इकडे होळकरांनी पुण्याचा कारभार अमृतरावांकडे सोपवला. पण पुढच्या वर्षी होळकर पुण्यातून निघून गेले, एप्रिलमध्ये आर्थर वेलस्ली पुण्यात आला आणि बाजीराव पुन्हा गादीवर बसले. ऑगस्ट १८०३ मध्ये अमृतरावांनी इंग्रजांशी तह केला. त्यांना वर्षाला सात लाख रुपये मिळणार असे ठरले. पुढे ते काशीला राहिले, तेथे त्यांनी घाट व गणपतीचे मंदिर बांधले आणि १८२४ मध्ये तेथेच ते वारले.

आता या माहितीवरून काही विधाने करून पाहू.

‘अमृतराव घाट हे वाराणसीतील एक सुंदर ठिकाण आहे.’ याला कोणी विरोध करणार नाही. ज्याला विरोधच नाही, ते सिद्ध करायला चार पाने कशाला लागतात?

‘या निबंधात मी अमृतरावांची माहिती देणार आहे.’ ही नुसती सूचना झाली. लिहिणाऱ्याचे मत काय, ते यातून कळत नाही.

‘मराठ्यांनी काशीसाठी फार मोठे कार्य केले.’ हे खरे आहे, पण फार पसरट आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर पुन्हा बांधले. शिंदे आणि भोसले यांच्या नावाचे घाटही तेथे आहेत. एवढे सगळे शालेय निबंधात मावणार नाही.

‘अमृतराव फितूर होते.’ यावर वाद होईल, पण हा नुसता शिक्का आहे. फितूर कशाला म्हणायचे आणि कोणत्या कृतीवरून म्हणायचे, हे वाक्यात नाही.

शेवटी मी असे लिहिले: ‘होळकर निघून गेल्यावर अमृतरावांकडे पुणे राखण्याएवढे बळ उरले नव्हते, म्हणून १८०३ चा त्यांचा तह हा भित्रेपणा नसून व्यवहारी निर्णय होता.’

हे विधान मला तीन कारणांसाठी बरे वाटते. पहिले, याला ‘नाही’ म्हणणारा कोणीतरी आहे. दुसरे, यात ‘म्हणून’ आहे, म्हणजे मताबरोबर कारणही आहे. तिसरे, यात वर्ष, व्यक्ती आणि कृती ठरलेली आहे, त्यामुळे कोणता पुरावा शोधायचा ते लगेच कळते.

‘नाही’ म्हणणारा मला माझ्याच वर्गात भेटला. तो म्हणाला, “तहानंतर दीड महिनाही झाला नाही तोच, २३ सप्टेंबरला, शिंदे आणि नागपूरकर भोसले असईला वेलस्लीशी लढले. ते लढले, मग हे का नाही?” प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर देता आले नसते, तर मला विधान बदलावे लागले असते. मी उत्तर असे दिले: शिंद्यांकडे कवायती पलटणी आणि मोठा तोफखाना होता, अमृतरावांकडे तसे काही नव्हते. एवढे बळ असूनही असईला इंग्रजच जिंकले. आणि स्वतः होळकरही तेव्हा त्या युद्धात उतरले नव्हते. त्याला हे सगळे पटले नाही. पण त्याची शंका आणि माझे उत्तर मिळून निबंधाचा तिसरा परिच्छेद तयार झाला.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. विधान पुराव्यापेक्षा मोठे होता कामा नये. काशीचा घाट पाहून अमृतरावांनी तेथे बांधकाम केले एवढे सिद्ध होते. त्यांनी पुणे का सोडले, हे घाटाच्या पायऱ्या सांगत नाहीत. त्यासाठी १८०२-०३ च्या घटनांकडेच जावे लागते. म्हणून ‘धार्मिक वृत्तीमुळे त्यांनी सत्तेचा त्याग केला’ हे वाक्य ऐकायला छान असले, तरी मी ते लिहिले नाही.

आपल्याला एनसीसीत तोंडी आदेश द्यायला शिकवतात. त्यात मकसद थोडक्यात आणि स्वच्छ सांगावा लागतो. तो ऐकून सेक्शनमधल्या प्रत्येकाला आपण कोठे आणि कशासाठी जातो आहोत हे कळले पाहिजे. निबंधाच्या मुख्य विधानाचे कामही तेच आहे. प्रत्येक परिच्छेद लिहून झाल्यावर त्याला विचारा, ‘तू या मकसदासाठी काय केलेस?’ उत्तर नसेल तर तो परिच्छेद कितीही आवडता असला, तरी खोडून टाका.

पुढच्या महिन्यात कनिष्ठ गटाची निबंध स्पर्धा आहे. छोट्या कॅडेट्सना माझे एवढेच सांगणे: पहिला कच्चा खर्डा करण्याआधी आपले एक वाक्य कागदावर लिहा आणि शेजारच्या खाटेवरच्या मित्राला वाचून दाखवा. तो नुसता “बरं” म्हणाला, तर वाक्य पुन्हा लिहा. तो “कशावरून?” म्हणाला, तर निबंध सुरू करायला हरकत नाही.