समुद्राकाठची सहल ठरवताना आधी तिथी बघा

आज आपण सहलीबद्दल बोलणार आहोत. देवदर्शनाच्या घाईच्या फेरीबद्दल नाही, तर किनाऱ्याकिनाऱ्याने, थांबत थांबत करायच्या आपल्या स्वतःच्या सहलीबद्दल.

शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या बोर्ली पंचतनवरून दिवेआगरकडे जातात. त्या पाहुण्यांचे मोदक, माशाची थाळी, सोलकढी आपल्यापैकीच कोणीतरी रांधते. पण बचत गटाच्या बैठकीत विचारून बघा, शेखाडी-आरावीचा रस्ता निवांत बसून कोणी पाहिला आहे? बाणकोटची खाडी कोणी ओलांडली आहे? हात थोडेच वर येतात. समुद्र दाराशी आहे, आणि तो बघायला वेळ मात्र पाहुण्यांना. म्हणून आम्ही म्हणतो, यंदा गटाने दोन दिवस काढावेत. ठरवायचे कसे, ते सांगतो.

सगळ्यात आधी बघायची ती भरती-ओहोटी. डोंगरातला रस्ता सकाळी असतो तसाच संध्याकाळी असतो. किनाऱ्याचे तसे नाही. सकाळी जिथे पाय ठेवला, तिथे दुपारी कमरेइतके पाणी असू शकते.

परदेशातले एक उदाहरण घ्या. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याला लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. तिथे जायचा डांबरी रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. रस्ता कधी सुरक्षित आहे, त्या वेळा लिहून लावलेल्या असतात. अडकलेल्या माणसांसाठी रस्त्यालगत उंच खांबांवर एक खोलीही बांधून ठेवली आहे. तरीसुद्धा ‘एवढ्यात जाऊन येऊ’ म्हणत गाडी घालणारे निघतातच, आणि गाड्या पाण्यात बुडतात. आपल्या अलिबागचा कुलाबा किल्लाही तसाच. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला होडी लागते. मुलगा परदेशात असो की आपण घरी, समुद्राचा नियम एकच आहे.

आता ही वेळ काढायची कशी? आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. आजची जी तिथी, तिला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. येईल त्या वाजता भरती पूर्ण भरते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब तोच. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणजे चतुर्थीला दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते.

हा अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कोळीवाड्यात विचारून खात्री करा. आणखी एक लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप वर चढते. अष्टमीच्या आसपास भांग असते, चढ-उतार कमी असतो.

हे गणित उपयोगी पडते ते हरिहरेश्वरला. कालभैरवाचे दर्शन झाले की प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून थेट खडकांवर जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. लाटांनी कोरलेले खडक बघण्यासारखेच आहेत, पण याच वाटेवरून माणसे वाहूनही गेली आहेत. भरती चढत असताना तिथे जायचेच नाही. ओहोटी असली तरी लाटा मोठ्या दिसल्या किंवा स्थानिकांनी नको म्हटले, तर वरूनच नमस्कार करायचा. ‘एवढ्या लांब आलो आहोत’ हे कारण समुद्र ऐकत नाही.

मग सहलीचा दिवस कसा निवडायचा? समजा षष्ठी धरली. भरती साडेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वादहाच्या सुमारास. बोर्लीहून साडेसहाला निघायचे. भरडखोल, शेखाडी, आरावी असा समुद्राला धरून जाणारा रस्ता घ्यायचा. वाटेत चहा-नाश्ता, मग श्रीवर्धन. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे इथले. नऊ-साडेनऊपर्यंत हरिहरेश्वर. प्रदक्षिणा करून अकराच्या आत वर. जेवण करून बागमांडला, आणि तिथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी. गाडी बोटीवर चढताना आणि उतरताना सगळ्यांनी खाली उतरावे, ही शिस्त पाळा.

पलीकडे बाणकोटचा किल्ला, आणि पुढे मंडणगड तालुक्यातले वेळास. आपल्या आदगावजवळचे वेळास वेगळे, हे नाना फडणवीसांचे. इथे समुद्री कासवांची घरटी राखली जातात. साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत पिल्ले समुद्रात सोडतात. रोज पिल्ले निघतीलच असे नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. मुक्काम इथेच करावा असे आम्ही मुद्दाम सुचवतो. वेळासला पाहुणे गावातल्या घरांतच राहतात, घरचेच जेवतात. त्या बायका दर कसे ठरवतात, पाहुणे घरोघरी कसे वाटून देतात, कचऱ्याचे काय करतात, हे विचारून घ्या. दिवेआगर-बोर्लीला घरगुती मुक्कामाची सोय करू पाहणाऱ्या गटांना त्यातून शिकण्यासारखे आहे.

किनाऱ्यावर अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे नाव आपण कधीपासून ऐकतो, पण मध्ये खाड्या आहेत. बागमांडल्याहून समोर वेश्वी दिसते, तरी बोट बंद असेल तर आंबेतच्या बाजूने लांबचा वळसा पडतो. त्यामुळे बोटीच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारा आणि शेवटच्या फेरीवर कधीही विसंबू नका. पावसाळ्यात ही सहल नको. समुद्र खवळलेला असतो आणि बोटीचा भरवसा नसतो.

आता पैशांचे. सहलीचा पैसा गटाच्या बचतीतून काढू नका. वेगळी पेटी करा, दर महिन्याला झेपेल तेवढे टाका आणि वही वेगळी ठेवा. खर्चाचे पाच भाग करा: गाडी, बोट, मुक्काम, जेवण आणि अडीनडीला राखीव. गाडी ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. भाडे दिवसावर की किलोमीटरवर? डिझेल कोणाचे? चालकाच्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे आत धरले आहेत का? ठरले ते कागदावर लिहा. गाडी परवडत नसेल तर श्रीवर्धन-हरिहरेश्वरची एक दिवसाची सहल एसटीने करा. मार्च 2023 पासून एसटीच्या नेहमीच्या फेऱ्यांना महिलांना अर्धे तिकीट आहे.

कामे वाटून घ्या. एकीकडे पैसे आणि वही. एकीकडे माणसांची मोजणी, प्रत्येक थांब्यावर उतरताना आणि चढताना. एकीकडे औषधांची पिशवी. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या ज्याच्या त्याने दोन दिवस पुरतील इतक्या घ्याव्यात. सोयीचे शौचालय कुठे आहे ते थांबा ठरवतानाच बघा. नाहीतर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोके धरून बसतात. फोनमध्ये 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक सगळ्यांना माहीत असू द्या.

घरी कसे सांगायचे, हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. आमचे म्हणणे असे की, विचारायला जाताना कागद घेऊन जा. कोणत्या वेळी कुठे असू, गाडी कोणाची, रात्री कोणाच्या घरी, खर्च किती, आणि दोन दिवस घरचे कोण बघणार. एवढे लिहिलेले असले की ‘नाही’ म्हणायला घरच्यांनाही कारण शोधावे लागते. सासूबाईंना बरोबर घेता आले तर उत्तमच. तिथीचा हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला येत असेल.

येत्या बैठकीत एवढेच करा. कालनिर्णय भिंतीवरून उतरवा, फेब्रुवारी-मार्चमधल्या पंचमी, षष्ठी आणि सप्तमी शोधा, आणि त्यातल्या ज्या तारखेला घरात लग्नकार्य नाही, मुलांची परीक्षा नाही, तिच्यावर गोल करा.