दिवेलागणीची वीज

मोरोक्कोत विजेची मागणी शिगेला पोहोचते ती दिवेलागणीनंतर. छपरावरच्या सौर पॅनेलचं काम तेव्हा संपलेलं असतं. ॲटलस पर्वताच्या दक्षिणेला, वारझाझात शहराजवळ उभं राहिलेलं ‘नूर’ संकुल या अडचणीचं उत्तर आहे, आणि ते उत्तर आहे उष्णता साठवून ठेवण्याचं.

संकुलाचा पहिला टप्पा १६० मेगावॅटचा. तो फेब्रुवारी २०१६मध्ये सुरू झाला. सुमारे पाच लाख आरसे पन्हळीसारखे वाकवून लांबच लांब ओळींत बसवले आहेत. दिवसभर ते पूर्वेकडून पश्चिमेकडे कलत जातात आणि ऊन मधोमध धरलेल्या एका नळीवर एकवटतात. नळीतलं तेल ३९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, त्या तापावर पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. कल्पना जुनीच. फ्रँक शुमन या अमेरिकन अभियंत्यानं १९१३मध्ये कैरोजवळ मादीला असेच पन्हळी आरसे लावून नाईलचं पाणी उपसून दाखवलं होतं.

नवं आहे ते मीठ.

हे खाण्याचं मीठ नव्हे. सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण. यातलं पोटॅशियम नायट्रेट नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या चांगल्या ओळखीचं, ठिबकमधून सोडतात ते १३:०:४५ खत. दुपारच्या उन्हातली जास्तीची उष्णता तेल या वितळलेल्या मिठाला देतं. मीठ प्रचंड टाक्यांत ती धरून ठेवतं आणि सूर्य मावळल्यावर परत करतं. पहिल्या टप्प्यात हा साठा तीन तास पुरतो. २०० मेगावॅटच्या दुसऱ्या टप्प्यात सात तास.

ही सोय सांभाळणं सोपं नाही. साधारण २४० अंशांखाली मीठ थिजू लागतं, म्हणून ते सतत गरम ठेवावं लागतं. तेलही १२ अंशांना गोठतं, आणि वाळवंटातली हिवाळी रात्र त्याहून खूप थंड असते. माणसांचं लक्ष म्हणूनच रात्रीही नळ्यांवरून हटत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा. पहिल्या टप्प्यात वाफ थंड करायला पाणीच लागतं, आणि ते येतं मन्सूर एद्दहबी धरणातून. त्याच धरणावर द्रा खोऱ्यातली खजुराची शेती अवलंबून आहे. दुसऱ्या टप्प्यात म्हणून वाफ हवेनं थंड करतात. त्यापायी थोडी वीज कमी मिळते, खर्चही वाढतो. दुष्काळी मुलुखात तो सोसायलाच हवा होता. आरशांवरची धूळ धुवायला मात्र पाणी अजूनही लागतंच.