किमान वेतन व नगरपालिकेचें पगारपत्रक

‘किमान वेतन’ हे शब्द आमच्या वाचकांच्या कानांवरून अनेकदां गेले असतील. ज्या दराहून कमी मोबदला देऊन कोणाही धन्यास काम करवून घेतां येत नाहीं, असा कायद्यानें ठरविलेला दर म्हणजे किमान वेतन होय. पण धनी जर एखादी नगरपालिकाच असेल, तर तिलाही हा नियम लागू पडतो काय? आणि दर वाढला म्हणजे तिच्या पगारपत्रकाचें काय होतें? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या उदाहरणावरून आम्ही या प्रश्नांचा विचार करणार आहोंत.

तेथें २०१६ सालीं झालेल्या कायद्यानें किमान वेतन टप्प्याटप्प्यानें वाढवीत नेलें. मोठ्या मालकांकरितां तें २०१७ सालीं तासास १०.५० डॉलर होतें, तें २०२२ सालीं १५ डॉलर झालें. त्यापुढील वाढ महागाईच्या निर्देशांकास जोडलेली आहे. मात्र ती एका वर्षांत शेंकडा साडेतीनांहून अधिक होऊं शकत नाहीं. त्याप्रमाणें २०२५ सालीं हा दर १६.५० आणि १ जानेवारी २०२६ पासून १६.९० डॉलर झाला.

आतां पहिला प्रश्न. तेथील कांहीं शहरांस स्वतःची सनद असते, व त्या सनदेनें आपल्या नोकरांचा पगार ठरविण्याचा अधिकार त्यांस मिळतो. लाँग बीच हें असेंच एक शहर. ग्रंथालयांत पुस्तकें लावणाऱ्या व क्रीडांगणावर मुलांचे खेळ घेणाऱ्या नोकरांचा पगार राज्याच्या किमान वेतनाहून कमी असल्याबद्दल त्या शहरावर दावा झाला. २०१९ सालीं तेथील अपील कोर्टानें निर्णय दिला कीं, श्रम करणारास निर्वाहापुरतें वेतन मिळणें ही साऱ्या राज्याच्या आस्थेची बाब असून सनद असलेल्या शहरासही हा कायदा बंधनकारक आहे.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. पगारपत्रक हें जिन्यासारखें असतें. समजा, २०२५ सालीं एका नगरपालिकेंत नवख्या मदतनिसास १६.५०, अनुभवी मदतनिसास १७ व त्यांच्या नायकास १७.५० डॉलर मिळत होते. नवीन वर्षीं केवळ खालची पायरी १६.९० वर नेली, तर कायदा पाळला जाईल खरा. पण नवख्या व अनुभवी नोकरांतील ५० सेंटांचें अंतर अवघ्या १० सेंटांवर येईल. अनेक वर्षें इमानें राबलेल्या माणसास मग वाटेल, ‘माझ्या अनुभवाची किंमत ती काय?’ यास्तव पुष्कळ नगरपालिका वरच्या पायऱ्याही उचलतात. सर्वांस सारखे ४० सेंट दिले, तर अंतर कायम राहतें. त्याच प्रमाणांत वाढ दिली, तर वरचे दोन दर सुमारें १७.४१ व १७.९२ डॉलर होतात.

परंतु हा पैसा येतो कोठून? नागरिकांच्या करांतून. वर्षांत एक हजार तास काम करणाऱ्या एका नोकरामागें ४० सेंटांची वाढ म्हणजे ४०० डॉलर होतात. शिवाय बहुतेक शहरांचें आर्थिक वर्ष १ जुलैस सुरू होतें, नवा दर १ ऑगस्टपर्यंत ठरतो आणि तो १ जानेवारीस अमलांत येतो. म्हणजे अंदाजपत्रक मंजूर करितांना नक्की आंकडा हातीं नसतो! पुढची वाढ अगोदरच अंदाजून जी नगरपालिका तरतूद करून ठेवीत नाहीं, तिला ऐन वेळीं ग्रंथालयाचे तास कमी करण्याचा मोह होतो. आणि मग ज्याचा दर वाढला, त्याचेच तास घटून त्याच्या पदरीं कांहींच पडत नाहीं.

तात्पर्य, कायदा फक्त तळची पायरी दाखवितो. बाकीचा जिना न्यायानें बांधणें हें नगरसभेचें व तिला निवडून देणाऱ्या नागरिकांचें काम आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां अशा सभेंत बसतील, कोणी तिच्या नोकरींत शिरतील, व कर तर सर्वच जण भरतील. पगारपत्रकांतील प्रत्येक आंकड्यामागें एका कुटुंबाची चूल आहे, हें त्यांनीं तेव्हां विसरूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.